दही-साखर राहिली

१

पुलाचं टेंडर गेलं. नुसतं गेलं असतं तर जयपालनं दोन शिव्या हासडून चहा मागवला असता. ठेकेदारीत टेंडर जायचंच, यायचंच. पण हे लागोपाठ तिसरं होतं. तिन्ही राजवीर नावाच्या दुसऱ्या ठेकेदारानं नेली, आणि तीही इतक्या बारीक फरकानं की हा बाबा जयपालच्या खांद्यावरून डोकावून आपला दर भरतो की काय, असं कुणालाही वाटावं.

"घरातच कोणतरी फितूर हाय, अक्का," जयपाल म्हणाला. "तू शोधून दे. दुसऱ्या कुणावर माझा इश्वास न्हाई."

अक्का म्हणजे संयोगिताताई. त्याची सख्खी बहीण नव्हे, तो जैन आणि त्या मराठा. पण सख्ख्या बहिणीनं काय करावं ते सगळं त्यांनी केलं होतं. त्यांची सगळी नोकरी सरकारी मंडळाच्या निविदा शाखेत गेली. टेंडरं मागवायची, उघडायची, तपासायची आणि वेळ आली की तोंडावर बाद करायची, हे त्यांचं काम. कोल्हापुरातले भले भले ठेकेदार त्यांच्या टेबलासमोर आवाज खाली करून बोलायचे.

जयपालशी ओळखही तशीच झाली. सरकार कामाचा अंदाज काढतं, ठेकेदार त्याच्या खाली दर भरतात, आणि सगळ्यांत खाली जाईल त्याला काम मिळतं. पण एखादा फारच खाली गेला तर उद्या काम टाकून पळेल, म्हणून त्यानं दराबरोबरच जादा अनामतीचा बँकेचा ड्राफ्ट जोडायचा असतो. जोडला नाही तर दर कितीही कमी असो, टेंडर बाद. तरण्या जयपालनं पहिल्या मोठ्या कामाला सगळ्यांत कमी दर भरला आणि ड्राफ्ट जोडायलाच विसरला. ताईंनी त्याला बाद केलं. बाकीचे ठेकेदार अशा वेळी साहेबांकडं धावायचे. हा गडी दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "अक्का, तुम्ही बरोबर केलासा. आता जन्मात ड्राफ्ट विसरणार न्हाई." त्या वर्षापासून ताईंची राखी त्याच्या हातावर होती.

"कुणावर संशय आहे तुझा?" ताईंनी विचारलं.

जयपालनं ऑफिसच्या काचेतून बाहेर बोट केलं. बाहेर मुकादम केरबाची पोरगी तेजस्वी मान खाली घालून नकाशा बघत होती.

"पोरीची सरकारी इंजिनिअर म्हणून निवड झालीया. हुकूम यायचाय फक्त," तो म्हणाला. "पण मी काय करू? उद्या सांजच्याला पोलिसात तक्रार देणार हाय. त्याच्या आधी तू एकदा बघ. तू म्हणालीस की पोरगीच, तर माझ्या मनाला रुखरुख ऱ्हाणार न्हाई."

पोलिसात नाव गेलं की सरकारी हुकूम कसला येतोय! पोरीचा जन्म उकिरड्यात. ताईंनी पदर खोचला.

२

पहिला नंबर पारसचा. हा जयपालचा पुतण्या. याचा बाप, म्हणजे जयपालचा थोरला भाऊ वारला, आणि फर्ममधली त्याची निम्मी भागी पारसच्या आईच्या, राजमतीवहिनींच्या नावावर आली. पारस कॉम्प्युटर बघायचा. टेंडर हल्ली सगळं ऑनलाईन. फर्मची डिजिटल सहीची किल्ली कॉम्प्युटरला लावल्याशिवाय दर चढत नाही, आणि ती किल्ली पारसच्या गळ्यात दोरीला.

"म्हणजे दर तुला दिसतो," ताई म्हणाल्या.

"कुठला दिसतोय, आत्या! मी किल्ली लावायची आणि बाहेर जाऊन उभं राहायचं. दराचा लिफाफा काका स्वतः भरतात, कागद स्वतः चढवतात. दार लावून."

"आणि ती बाहेरची नवी मोटरसायकल? कुठनं आली?"

पारस लाल झाला. "आईनं घेऊन दिली. विचारा की तिला."

ताईंनी केरबाला गाठलं ते खडीच्या क्रशरवर. केरबा मुरगूडकडचा. जयपालच्या पहिल्या कामापासूनचा मुकादम. जयपालकडं स्वतःची क्रशर, स्वतःची यंत्रं आणि केरबानं जपलेली टोळी, म्हणून तर जिल्ह्यात त्याच्याइतक्या कमी दरात काम करणं कुणाला परवडायचं नाही. केरबाचे डोळे सुजले होते. गडी रात्रभर झोपला नसावा.

"काय सांगू ताई," तो म्हणाला. "मालकांनी मला बाजूला घिऊन सांगितलं. तुझी पोरगी राजवीरच्या हाफिसात शिरताना आपल्या माणसानं बघितली. मी घरी जाऊन इचारलं तर व्हय म्हणाली, गेलती! तोंड वर करून व्हय म्हणाली. मी तिच्या थोबाडीत दिली. जन्मात हात लावला न्हवता पोरीला."

"का गेलती, ते विचारलंस का?"

"म्हणाली, मालकांनीच, अण्णांनीच पाठवलं, पेढ्याचा बॉक्स दिऊन. राजवीरच्या नव्या हाफिसची वास्तुशांत हुती म्हणं." केरबानं मान हलवली. "मालक राजवीरला पेढं धाडतील? त्याचं नाव काढलं तरी मालक थुकत्यात. पोरगी खोटं बोलली ताई. माझ्या पोटची पोरगी माझ्या मालकाला इकून आली."

ताईंनी त्याची समजूत घातली नाही. कारण त्यांनाही तसंच वाटत होतं.

३

तेजस्वीनं ताईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतः उभीच राहिली. गालावरचे वळ अजून गेले नव्हते.

"बस खाली," ताई म्हणाल्या. "राजवीरकडं गेलतीस?"

"हो. अण्णांनी पाठवलं म्हणून. आता अण्णा नाही म्हणतात. तुम्हीही त्यांचंच खरं धरणार. धरा."

पोरगी फटकळ होती. ताईंना राग आला, आणि तरुणपणीची स्वतःची आठवणही आली, त्यामुळं राग टिकला नाही.

"दर कोण काढतं?"

"मी. खडी किती, सिमेंट किती, मजुरी किती, सगळं मांडून आपल्याला किती खाली जाऊन परवडतं ते अण्णांना सांगते. त्यापुढचं ते बघतात."

"बघतात म्हणजे?"

"वर चढवतात." तिचा आवाज पहिल्यांदा तापला. "तिन्ही वेळा माझ्या दरापेक्षा वर भरला त्यांनी. मी काढलेला दर भरला असता तर तिन्ही कामं आपली होती, ताई! राजवीरचा दर माझ्या दराच्या वरच होता. मी अण्णांना म्हटलंसुद्धा, तर म्हणाले, पोरी, तुला धंदा शिकायला वेळ लागेल."

हे जयपालनंही सांगितलं होतं. हिशेब पोरीचा, शेवटचा हात माझा, असं छाती काढून सांगितलं होतं. त्यामुळं ताईंनी ते तेवढ्यावर सोडलं आणि उठल्या. दारात त्यांचा पाय अडखळला.

थांबा की जरा! पोरगी फितूर असती तर तिनं राजवीरला काय विकलं असतं? तिला ठाऊक होता तोच दर, तिनं काढलेला. मग राजवीरनं त्याच्या खाली भरला असता. पण राजवीरचा दर होता पोरीच्या दराच्या वर आणि जयपालनं शेवटी भरलेल्या दराच्या किंचित खाली. आणि तो शेवटचा दर दार लावून भरलेला. तो पोरीला माहीतच नव्हता.

ताई मागं वळल्या. "तुझा कागद राजमतीवहिनींनी बघितलाय?"

"प्रत्येक वेळी. निम्मी फर्म त्यांची आहे, त्यांना दाखवूनच पुढं जातो."

म्हणजे कागदावरचा दर बदलून सांगायची सोय नव्हती; पोरगी खरं बोलत होती. मग दर फुटला कुणाकडनं? दार लावलेल्या खोलीत जयपालशिवाय कुणी नव्हतं.

४

राजमतीवहिनींनी ताईंना सरळ स्वयंपाकघरातच नेलं. ऊन उतरत आलं होतं आणि दिवस मावळायच्या आत घरातली जेवणं उरकायची, हा त्यांचा नेम. तव्यावर भाकरी होती.

"मीच भावोजींच्या मागं लागले," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, एकदा हरलो, नशीब. तीनदा कसं? कोणतरी दर फोडतंय, शोधा. पण शोधून निघाली तेजस्वी! माझा अजून विश्वास बसत नाही, अक्का. ह्यांच्या आजारपणात रात्र रात्र बसली होती ती पोरगी."

"जयपाल काय म्हणतो?"

"ते तर फार मोडलेत. जेवताना बोलत नाहीत." वहिनींनी भाकरी उलटली. "मला विचाराल तर, मी सांगते ते हसण्यावारी नेऊ नका. दही-साखर राहिली, म्हणून हे सगळं."

"कसली दही-साखर?"

"अहो, ह्यांच्या वेळेपासूनची रीत आपल्या घरची. टेंडर भरायच्या सकाळी चेकबुक देवापुढं ठेवायचं, ड्राफ्टाच्या चेकवर मी सही करायची, आणि निघताना भावोजींच्या तळहातावर दही-साखर. ह्यांच्या पश्चात एकदाही चुकली नाही. पण ह्या तीन वेळेला भावोजी कधी निघून गेले तेच कळलं नाही. पुलाच्या वेळी तर मी वाटी घेऊन दारापर्यंत पळाले, गाडी वळणाला गेलेली. देवाला धरून चालायचं सोडलं की असंच व्हायचं."

ताई हसल्या, समजूत घातल्यासारखं. भाकरी-आमटी समोर आली. त्यांनी घास मोडला आणि तो हातातच राहिला.

"वहिनी, चेकवर तुमची सही लागतेच?"

"लागतेच की. दोघांच्या सहीशिवाय बँक फर्मचा पैसा हलवत नाही. ह्यांनीच तसं करून ठेवलंय."

"मग दही-साखर राहिली त्या सकाळी सही कधी केलीत?"

वहिनी भाकरी सोडून ताईंकडं बघायला लागल्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली. "सही... नाही हो केली. मला वाटलं, ह्या कामांना ड्राफ्ट लागत नसेल."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

ताईंनी घास ताटात ठेवला. आयुष्यभर त्यांनी परक्यांची टेंडरं उघडली होती. हे घरचं होतं. बाई, आणखी एकदा विचार कर, त्यांनी स्वतःला बजावलं. चूक असेल तर तुझ्या तोंडात किडे पडतील. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडून बघितलं आणि उत्तर पुन्हा तेच आलं.

"उद्या सगळ्यांना ऑफिसात बोलवा," त्या म्हणाल्या. "जयपाल पोलिसात जायच्या आधी."

५

जयपाल टापटीप कपडे करून, तक्रारीचा अर्ज खिशात घालून बसला होता. राजमतीवहिनी आणि पारस बाकावर. केरबा दाराशी उभा, आणि तेजस्वी बापापासून जेवढं लांब राहता येईल तेवढ्या लांब.

"बोल अक्का," जयपाल म्हणाला. "मन घट्ट केलंय मी."

"मी पण," ताई म्हणाल्या. "पहिलं हे की तेजस्वीनं काही विकलेलं नाही. तिला ठाऊक होता त्या दराच्या वर राजवीर जिंकला. फितुराकडनं खालचा दर कळल्यावर कोणी त्याच्या वर भरत नाही. राजवीर बसला तो जयपालच्या शेवटच्या दराच्या बरोबर खाली. तो दर जयपालला सोडून कुणालाच माहीत नव्हता."

"मग पारसनं—" जयपाल म्हणाला.

"थांब. पोरांच्या मागं लपू नको. पारस बाहेर उभा असतो." ताईंचा आवाज टेबलावरचा झाला, निविदा शाखेतला. "पुलाला, आणि आधीच्या दोन्ही कामांना, तू अंदाजाच्या चांगलाच खाली दर भरलास. ड्राफ्ट लागतो का नाही?"

"लागतो की."

"काढलास?"

जयपालनं खिशातला अर्ज चाचपला.

"बँक दोघांच्या सहीशिवाय पैसा देत नाही. वहिनींनी सही केलेली नाही. पुलाला नाही, त्याच्या आधीच्या दोन कामांना नाही. अनामत फर्मच्याच खात्यातनं निघावी लागते, त्यामुळं खिशातनं भरली असंही म्हणू नको. ड्राफ्टाच्या जागी काय चढवलंस रे? कोरा कागद? चढवता येतो. जो हरतो त्याचे कागद मंडळात कोणी उघडून बघत नाही, हे मीच तुला एकदा सांगितलंय. ड्राफ्ट बघतात तो पहिल्या नंबरचा. उद्या तू पहिला आला असतास तर तिथल्या तिथं बाद होऊन सगळ्या कोल्हापुरात तुझं हसं झालं असतं. तरी तू ड्राफ्टाविना दर भरलास. एकदा नाही, तीनदा. विसरलास म्हणावं, तर तू कोणत्या जन्मात ड्राफ्ट विसरणार नव्हतास, ते मला ठाऊक आहे. मग अशी हिंमत कोण करतो?"

मग उत्तरही त्यांनीच दिलं.

"आपण पहिले येणारच नाही, अशी ज्याला खात्री असते तो. आणि ती खात्री राजवीरचा दर माहीत असल्याशिवाय होत नाही. आपण सगळे उलटं शोधत होतो. आपला दर राजवीरकडं गेलाच नव्हता. राजवीरचा दर आपल्याकडं येत होता, आणि जयपाल त्याच्यावर बोटभर वर भरत होता."

"कशासाठी?" वहिनींचा आवाज फुटला.

"बाकीच्या ठेकेदारांची राजवीरला भीती नाही. भीती आहे ती आपल्या क्रशरची आणि केरबाच्या टोळीची. जयपालनं टेंडर भरलंच नाही तर तुम्ही विचारणार, का नाही भरलं? म्हणून भरायचं, आणि हरायचं. काम जिंकलं तर नफा फर्मचा, निम्मा तुमचा. हरण्यासाठी राजवीर देतो तो मोबदला मात्र रोख, हातावर, एकट्याचा. बरोबर ना रे?"

जयपालनं खिशातला अर्ज काढून टेबलावर ठेवला. एवढा मोठा माणूस, पण खांदे कसे पडले होते.

"मी थकलो अक्का," तो म्हणाला. "काम घ्यायचं, मजूर सांभाळायचं, बिलासाठी साहेबांच्या दारात बसायचं. एवढं करून जे मिळतं त्यापरीस न करता जास्त मिळाय लागलं. पाप वाटलं न्हाई असं न्हाई. पण वहिनी तिसऱ्या वेळी पिच्छाच सोडंनात. कोणतरी दाखवाय पायजे हुतं."

"म्हणून माझी पोरगी?" केरबा म्हणाला. एवढंच. पण ते ऐकून पारसनं मान खाली घातली.

"पेढे देऊन आधीच पाठवून ठेवलीस तिला, उपयोगी पडेल म्हणून," ताई म्हणाल्या. "तेवढंही समजलं. एक गोष्ट नाही समजली. मला कशाला बोलावलंस? माझा जन्म टेंडरं तपासण्यात गेला. कोल्हापुरात हे कुणाच्या नजरेत भरणार असेल तर ते माझ्याच, एवढं कळत नव्हतं तुला?"

जयपालनं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, हेच वाईट.

"तू सगळ्यास्नी तपासशील," तो म्हणाला, "मला तपासणार न्हाईस, असं वाटलं."

ताईंना वाटलं होतं आपण चिडू, शिव्या देऊ. चार शिव्या जिभेवर तयारही होत्या. पण त्याचं म्हणणं खोटं कुठं होतं? कालपर्यंत त्यांनी नव्हतंच तपासलं. वहिनींनी दही-साखरेची गोष्ट काढली नसती तर आज ह्याच खुर्चीत बसून त्यांनी पोरीचं नाव घेतलं असतं, आणि तेही त्याच्या मायेपोटी. इतक्या वर्षांच्या मायेचा त्यानं एवढाच उपयोग केला होता. त्यांनी पिशवी उचलली.

केरबानं कमरेची क्रशरची किल्ली सोडली आणि टेबलावर, त्या अर्जाशेजारी ठेवली. मग तो पोरीकडं वळला. ज्या हातानं मारलं होतं तो हात त्यानं पाठीमागं धरला.

"तेजू," तो म्हणाला. "मी मालकाचं ऐकलं. तुझं न्हाई."

तेजस्वीनं त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "चला आबा, घरी चला," आणि त्याच्या पुढं चालायला लागली. शेजारी नाही, पुढं. वहिनींनी अर्ज उचलून त्याचे बारीक तुकडे केले, आणि पारसला म्हणाल्या, "ती गळ्यातली सहीची किल्ली दे माझ्याकडं. आजपासून टेंडर मी भरणार. केरबाच्या घरी मीच जाते, पाया पडायला लागलं तरी चालेल."

ताई दाराशी पोचल्या तेव्हा मागून हाक आली.

"अक्का."

त्या थांबल्या. वळल्या नाहीत.

"पोरीवरचा डाग गेला. घरचं वहिनी बघतील. तू... राखीला येशील न्हवं?"

पहिल्या वर्षाचे पेढे ताईंना आठवले. तुम्ही बरोबर केलासा म्हणणारा तो शिडशिडीत पोरगा आठवला. तेव्हा त्यानं ड्राफ्ट जोडला नव्हता, आणि त्यांना भाऊ मिळाला होता.

"मी तेव्हा तुला बाद केलं, तर तू राग धरला नाहीस," त्या म्हणाल्या. "आताही धरू नको."

आणि त्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या.